शंकू उभे करणारा

माझं काम एवढंच: पडलेला शंकू उचलायचा,
खडूच्या चौकोनात परत उभा करायचा
आणि बाजूला व्हायचं.

सस्कॅचेवानच्या सपाटीवरची ही धावपट्टी
युद्धात बांधली,
एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना
जमीन सोडायला शिकवण्यासाठी.
आता भेगांतून रानमोहरी उगवते,
चहूबाजूंनी कॅनोला पिवळाधमक,
आणि वर्षातले दोन शनिवार आमचा मोटार क्लब
जवळपास त्याच वयाच्या पोरांना
जमीन धरून ठेवायला शिकवतो.

सकाळी सात. थर्मासमधली कॉफी, टायरमधली हवा.
व्हर्ना प्रत्येकाला गाडी रिकामी करायला लावते.
हॉकीच्या काठ्या, एकच बूट, कुत्र्याचा चेंडू,
कुणाच्या तरी आईचा केकचा डबा
गवतावर ओळीने मांडलेला.
लांबून बघणाऱ्याला वाटावं
सगळे घर सोडून निघालेत.

व्हर्नाने सव्वीस वर्षं अँब्युलन्स चालवली.
त्याबद्दल ती बोलत नाही.
एवढंच म्हणते, "ब्रेकवर उभी राहा, पोरी.
दार वाजवायचं नाहीये, दार तोडायचंय."
पण पोरांना दार वाजवायचीच सवय.
पाय अलगद ठेवतात, जणू पेडललाच लागेल.
मग कधीतरी एखादा खरंच दाबतो,
पेडल तळव्याखाली थरथरतं
पायाखाली आलेल्या बेडकासारखं,
गाडी नाक खुपसून थांबते,
आणि काचेमागच्या चेहऱ्याला पहिल्यांदा कळतं
आपण केवढं वजन घेऊन हिंडत होतो.

दुपारी अग्निशमन दलाच्या टँकरने वर्तुळ भिजवलं.
ब्रिन हालिक, वय सतरा, आजोबांची ब्युइक.
एकच शंकू सात वेळा उडवला.
तोच तेवढा. बाकी अकरा जागच्या जागी.
मी सातही वेळा धावलो
(म्हणजे चाललो; माझं धावणं आता चालण्यातच जमा).
मग काच खाली करून म्हणाली,
"सॉरी, मिस्टर बोयचुक,
लागू नये म्हणून मी त्याच्याकडेच बघत असते."

मी काय सांगणार?
चव्वेचाळीस वर्षं प्रोपेनचा ट्रक चालवला,
साधा ओरखडा नाही.
मग एका सकाळी डोक्यात शीर तुंबली
आणि डाव्या बाजूचं जग मिटलं.
लायसन त्यांनी टपालाने मागवलं,
मी पाकिटाला तिकीट लावून पाठवून दिलं.
न दिसणाऱ्याला धडकायची भीती माझी रोजची.
दिसतंय म्हणून धडकणं
हे मात्र तिच्याकडूनच ऐकलं.

म्हणालो, "शंकूचं मी बघतो.
तू ते लांबचं धान्याचं कोठार बघ, लाल.
त्याच्यावर गावाचं नाव होतं.
मला आता वाचता येत नाही.
गाडी घसरली की मला वाचून सांग."

व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही.

ब्युइकचं शेपूट सुटलं.
पाणी पंख्यासारखं उडालं, चाकं उलटी वळली,
आणि उघड्या काचेतून ब्रिनचा आवाज,
"एम! मग ओ! मग...
पुढचं सगळं उडालंय, मिस्टर बोयचुक!"

गाडी सरळ झाली होती.
हे तिला सर्वांत शेवटी कळलं.

संध्याकाळी शंकू एकात एक घालून रचले.
डांबरावर बारा रिकामे चौकोन,
एकाच्या कडा माझ्या बुटांनी पुसलेल्या.

घरी सोडते व्हर्नाच.
ती माझ्या डावीकडे,
म्हणजे मला दिसत नाही;
दिसतो फक्त रस्ता, त्याचाही अर्धाच.
खडीच्या वळणावर माझा उजवा पाय
रबरी चटईवर दाबला जातो,
जिथे काहीच नाही.

"दाबलास का?" डावीकडून आवाज येतो.
"दाबला."
"मग ठीक," ती म्हणते,
आणि गाडी वळते.